घाण्याचे पाप कोणाच्या माथी?

खाद्यतेल वाहून नेणाऱ्या जहाजाला आपला पूर्वेतिहास लेखी द्यावा लागतो. मलेशिया-इंडोनेशियातून कांडला, मुंद्रा किंवा न्हावाशेव्याकडे निघालेल्या जहाजाच्या टाकीत पामतेल भरायचे, तर त्या टाकीतून मागच्या तीन खेपांना कोणता माल गेला, हे कप्तानाने सहीनिशी सांगायचे असते. तेल आणि तेलबियांच्या व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या लंडनच्या ‘फोस्फा’ या संघटनेने त्यासाठी याद्या केल्या आहेत. लगतच्या आधीच्या खेपेत काय चालेल आणि काय मुळीच चालणार नाही, ते त्यांत आहे. शिसेयुक्त पदार्थ तर तिन्ही खेपांत नकोत. घाऊक तेलाची साठवण आणि वाहतूक कशी करावी, याची कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाची आचारसंहिताही १९८७ पासून आहे. बिस्किटांना खुसखुशीत करणारा घट्ट मेद, जिभेवर विरघळणारी चॉकलेटची चरबी, फरसाणाच्या कढईत तासन्‌तास टिकणारे तेल, असा खास माल टनावारी घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या फायलीत ही कागदपत्रे लागलेली असतात.

कागद व्यापारी आहे, पण त्यातला प्रश्न धर्मचिंतनाचा आहे. आधी जे होते त्याचा डाग किती काळ टिकतो, तो कशाने जातो आणि तो लागतो कोणाला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे रसायनशास्त्र आणि धुलाईचे प्रमाणपत्र देऊ शकते. तिसऱ्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही, आणि आजच्या अन्नउद्योगात सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्नही तोच आहे.

कोकणात एके काळी हा प्रश्न तोंडओळखीने सुटत होता. अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यातल्या गावांत बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, तेलाचे घाणे चालवत. शनिवारी त्यांचा बैल सुटलेला असे, कारण त्यांच्या धर्मात तो विसाव्याचा दिवस. गावाने त्यांना नावच दिले ‘शनिवार तेली’. सोमवारी घाणा बंद ठेवणारे शिवभक्त तेली होते, ते ‘सोमवार तेली’. घाणा कोणत्या वारी थांबतो, यावरून गाव तेल्याचा धर्म ओळखत होते आणि दोघांकडचे तेल घेत होते. तेल कोणी गाळले, कोणत्या बियांचे, कोणाच्या बैलाने, हे गिऱ्हाइकाला विचारावे लागत नव्हते. जातीपातीची बंधने त्या गावातही होती आणि त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण खरेदी करणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय तिथे नव्हती, एवढे खरे.

तेल्याविषयी धर्मग्रंथ काय म्हणतात, ते पाहिले की मन खिन्न होते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात एका तेलघाण्याचे पाप दहा खाटीकखान्यांच्या बरोबरीचे ठरवले आहे. जैन परंपरेत श्रावकाने टाळावेत असे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत, त्यांत ‘यंत्रपीडन’ हा एक. यंत्रात पिळण्याचा धंदा, म्हणजे तेलाचा घाणा आणि उसाचे चरक. बियांत जीव आहे, बीबरोबर आलेल्या किड्यामुंग्यांत जीव आहे, त्यांचा चुराडा होतो, हा त्यामागचा विचार. विचार प्रामाणिक आहे. पण त्याचा भार वाटला कसा गेला? देवापुढच्या समईत तेल जळत होते, पानात तेल वाढले जात होते, अभ्यंगाला तेल लागत होते. पाप मात्र घाणा हाकणाऱ्याच्या खाती जमा होत राहिले. ज्याला तेल हवे त्याने शुद्ध राहायचे आणि ज्याने ते काढून द्यायचे त्याने डाग सोसायचा, अशी ही वाटणी होती.

हीच मनुस्मृती पाचव्या अध्यायात मांसाविषयी बोलताना वेगळा न्याय लावते. तिथे मारणारा एकटा घातक ठरत नाही. संमती देणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, सगळे घातकांच्या रांगेत बसवले आहेत. जैन आचारातही तेच तत्त्व अधिक कसून मांडलेले आढळते. हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि करणाऱ्याला अनुमोदन देणे या तिन्हींत दोष आहे. हा न्याय तेलाला लावला असता, तर घाण्याचे पाप समईपर्यंत आणि पंगतीपर्यंत पोचले असते. शास्त्रकारांनी तो लावला नाही. महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेने मात्र दुसरी वाट काढली. चाकणचे संताजी जगनाडे जातीने आणि धंद्याने तेली, तुकोबांचे टाळकरी आणि त्यांच्या अभंगांचे लेखनिक. त्यांच्या नावावर घाण्याचे अभंगच आहेत. दहा खाटीकखान्यांच्या बरोबरीचा म्हणून हिणवलेला घाणा त्यांनी थेट परमार्थाच्या बोलीत आणला. धर्माच्या इतिहासातली ही मोठी घटना आहे, आणि तिची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

खरेदीदाराच्या जबाबदारीचा सर्वांत धारदार वाद भारतात बौद्ध आणि जैन यांच्यात झाला. बुद्धाने भिक्षूंना तीन अटींवर मांसाची भिक्षा घेऊ दिली. प्राणी आपल्यासाठी मारला, हे पाहिलेले नसावे, ऐकलेले नसावे आणि तशी शंकाही नसावी. दोष हेतूत असतो, अजाणता घडलेल्या गोष्टीत नसतो, ही त्यामागची भूमिका. जैनांच्या सूत्रकृतांगात या भूमिकेवर कडक हल्ला आहे. तेलाची पेंड समजून कोणी माणसाला भाल्याने टोचले तर तो निर्दोष आणि माणूस समजून पेंडीला टोचले तर दोषी, असे बौद्ध म्हणतात काय, असा तो सवाल. जैनांचे म्हणणे असे की संयमी माणसाने आधी नीट पाहायला हवे होते. न पाहणे हाच त्याचा प्रमाद. आणि गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की बौद्धांच्याच मिलिंदपन्हात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला सांगतो, नकळत केलेले पाप जाणून केलेल्यापेक्षा जड असते. तापलेला लोखंडी गोळा न कळता धरणाऱ्याचा हात अधिक भाजतो.

न पाहिलेले, न ऐकलेले, शंका नसलेले. या तीन अटी आजच्या घाऊक तेलबाजाराला जशाच्या तशा बसतात, फक्त फरक एवढा की भिक्षू दारात येईल ते घेत होता आणि कारखाना मागणी नोंदवतो. भिक्षूला मिळणारा घास त्याच्यासाठी रांधलेला नव्हता. कारखान्याला मिळणारा टँकर मात्र त्याच्याच ऑर्डरवर भरलेला असतो. त्यामुळे बुद्धाची सवलत खरेदी अधिकाऱ्याला लागू पडत नाही.

तरीही न पाहण्याची सोय मोठी आहे, आणि ती तंत्रज्ञानाने करून दिली आहे. कच्चे तेल रिफायनरीत जाते. तिथे त्यातला चिकट गाळ काढतात, मुक्त मेदाम्ले घालवतात, मातीतून गाळून रंग उतरवतात आणि शेवटी निर्वात टाकीत २०० अंशांच्या वर तापवून वाफेने वास काढून टाकतात. उरते ते फिकट, निर्गंध, चवहीन द्रव्य. कोकमाच्या बीतले स्टिअरिक आम्ल आणि गाईच्या चरबीतले स्टिअरिक आम्ल यांच्या रेणूत काहीही फरक नाही. मेदाच्या एकूण घडणीवरून, आम्लांच्या प्रमाणांवरून मूळ शोधता येते, पण तो शोध अनुमानाचा असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तिरुपतीच्या लाडवांच्या तुपातल्या भेसळीच्या आरोपावरून देशभर वादळ उठले, तेव्हा आणंदच्या प्रयोगशाळेचा जो अहवाल गाजला, त्यातच गाईच्या खाद्यामुळे निष्कर्ष चुकीचा येऊ शकतो अशी नोंद होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम. इथे मुद्दा असा, की जगातल्या अत्यंत श्रीमंत देवस्थानांपैकी एकालाही आपल्या प्रसादाच्या तुपाविषयी खात्री देण्यासाठी रेणूंच्या गुणोत्तरांचा आधार घ्यावा लागला.

हा धक्का पहिला नव्हता. १९८३ मध्ये वनस्पती तुपात आयात केलेली गाईची चरबी मिसळल्याच्या बातम्यांनी घराघरात खळबळ उडवली होती आणि सरकारला चरबीच्या आयातीवर बंदी घालावी लागली होती. अमेरिकेत मॅक्डोनाल्ड्सने १९९० मध्ये बटाटे चरबीऐवजी वनस्पती तेलात तळायला सुरुवात केली, पण चवीसाठी गोमांसाचा अर्क राहिलाच. २००१ मध्ये तिथल्या हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी दावा लावला. २००२ मध्ये कंपनीने माफी मागून १ कोटी डॉलरची तडजोड केली. तेल बदलल्याची जाहिरात खरी होती, आणि तरी खाणाऱ्याची फसवणूक झाली होती.

मिसळलेल्या मेदाचा विचार ज्यू आणि मुस्लिम धर्मशास्त्रांनी फार बारकाईने केला आहे. ज्यू नियमानुसार निषिद्ध पदार्थ चुकून पडला आणि तो एकूण मालाच्या साठाव्या हिश्श्याहून कमी असला, तर तो बहुतेक वेळा विरून गेल्याचे मानतात. पण मुद्दाम मिसळून तो विरवता येत नाही. भांड्याच्या भिंती चव शोषतात, म्हणून निषिद्ध माल वाहिलेली टाकी चोवीस तास रिकामी ठेवून उकळत्या पाण्याने शुद्ध करावी लागते. आज कोशर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचे रब्बी टँकर धुण्याच्या जागी जातात, आधीच्या खेपांची नोंद तपासतात, चरबीची टाकी तापवून आलेली वाफ तेलाच्या टाकीकडे परत फिरते का, तेही पाहतात. इस्लामी परंपरेत तुपात पडलेल्या उंदराचा प्रश्न प्रसिद्ध आहे. तूप थिजलेले असेल तर उंदीर आणि त्याच्या भोवतालचे तूप काढून टाका, बाकीचे खा, असा प्रेषितांचा निर्णय सांगितला जातो. तूप पातळ असेल तर? तिथे धर्मपंडितांत मतभेद आहेत. निषिद्ध वस्तूचे संपूर्ण रूपांतर झाले तर ती शुद्ध होते का, यावरही हनफी आणि शाफी पंथ वेगवेगळे बोलतात. २००१ मध्ये इंडोनेशियात अजिनोमोटोच्या उत्पादनात डुकरापासून मिळवलेला घटक जिवाणू वाढवण्यापुरता वापरला गेला होता. अंतिम मालात तो नव्हता. तिथल्या उलेमा परिषदेने माल हराम ठरवला, राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी हलाल म्हटले. दोघेही धर्माचे जाणकार.

आपल्याकडेही धर्मशास्त्रात ‘द्रव्यशुद्धी’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याचा सविस्तर परामर्श घेतला आहे. धातू राखेने, वस्त्र पाण्याने, पातळ पदार्थ गाळून शुद्ध करावा, असे ते नियम. पण त्यांचा रोख वस्तूवर आहे. ज्यू विचारातला एक नियम मात्र वस्तूच्या पलीकडे जातो, तो म्हणजे मुद्दाम मिसळण्यावरची बंदी. अपघाताला क्षमा आहे, योजनेला नाही. आजच्या तेलव्यापारावर सर्वांत नेमके बोट हा नियम ठेवतो.

कारण आजचा व्यापार मिसळण्याच्या योजनेवरच उभा आहे. जगातले सुमारे ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांत निघते आणि ते सर्वांत जास्त आयात करणारा देश भारत आहे. जंगल तोडून लावलेल्या बागांवर टीका झाल्यावर २००४ मध्ये ‘आरएसपीओ’ हे शाश्वत पामतेलाचे व्यासपीठ उभे राहिले. त्याच्या प्रमाणपत्राचे प्रकार आहेत. एकात तेल एकाच गिरणीपासून कारखान्यापर्यंत वेगळे ठेवतात. दुसऱ्यात अनेक प्रमाणित बागांचे तेल एकत्र येते, पण अप्रमाणित तेल त्यात नसते. तिसऱ्यात, म्हणजे ‘मास बॅलन्स’ पद्धतीत, प्रमाणित आणि अप्रमाणित तेल एकाच टाकीत ओततात. १०० टन प्रमाणित विकत घेतले असेल तर १०० टन प्रमाणित म्हणून विकता येते, मग त्या पिंपातला थेंब कुठल्याही बागेचा असो. चौथ्या प्रकारात तर तेलाशी संबंधच राहत नाही, फक्त हक्कपत्रे विकत घ्यायची.

मास बॅलन्सच्या बाजूने बोलणारे लबाड नाहीत. इंडोनेशियातल्या पामच्या लागवडीपैकी सुमारे ४० टक्के क्षेत्र छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. त्यांच्या मालासाठी वेगळी टाकी, वेगळा टँकर, वेगळी पाइपलाइन ठेवणे परवडत नाही. फक्त वेगळे ठेवलेले तेलच घ्यायचे ठरवले, तर चांगली शेती करणारा गरीब शेतकरी आधी बाहेर फेकला जाईल. हा युक्तिवाद मान्य करायला हवा. तरीही एक गोष्ट मान्य करता येत नाही: मिसळलेल्या तेलावर शुद्ध तेलाची शान मिरवणे. आरएसपीओच्या स्वतःच्या बोधचिन्हाच्या नियमांतही अशा मालावर ‘मिक्स्ड’ हा शब्द यावा लागतो. तो शब्द जाहिरातीतून गळतो, तेव्हा मिसळ ही तडजोड उरत नाही, ती फसवणूक होते.

या सगळ्यावर सर्वांत स्पष्ट उत्तर वर्ध्यात दिले गेले होते. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. सूत्रे होती जे. सी. कुमारप्पांकडे. ते हिशेबतपासनीस, अमेरिकेत शिकलेले, श्रद्धेने ख्रिस्ती. झवेरभाई पटेलांनी तिथेच बैलघाण्यात सुधारणा केल्या आणि तो ‘वर्धा घाणा’ म्हणून देशभर गेला. ‘व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट’ या पुस्तकात कुमारप्पांनी कोकोच्या एका डब्याचा हिशेब मांडला आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या मळ्यांवर सक्तीची मजुरी, सागरी मार्गांवर लष्करी बळाचा धाक, बाजारात सवलतीचे जकातदर, हे सगळे त्या डब्यात आहे. आणि तो डबा विकत घेणारा या प्रत्येक गोष्टीत भागीदार होतो. म्हणून त्यांचा निष्कर्ष असा, की ज्याच्या उत्पादनाची साखळी आपण तपासू शकत नाही, ते विकत घेणे धोक्याचे आहे. जैनांचे ‘करणे, करवणे, अनुमोदणे’ हेच सूत्र एका हिशेबनिसाने खतावणीत उतरवले.

कुमारप्पांचा आग्रह टोकाचा वाटतो, आणि एका अर्थाने तो आहेही. आज निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणणाऱ्या देशाने गावच्या घाण्यावर परत जावे, हे शक्य नाही. पण त्यांच्या तत्त्वाचा वापर मोठ्या खरेदीतही करता येतो, आणि त्यासाठी कोकमाएवढे चांगले उदाहरण नाही.

युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेट निर्देशात कोकोच्या चरबीखेरीज फक्त सहा वनस्पती मेदांना ५ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे: इलिपे, पामतेल, साल, शिया, कोकम आणि आंब्याची कोय. त्यांपैकी कोकम म्हणजे आपले भिरंड. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात उन्हाळ्यात फळ आले की सालींची आमसुले होतात, रसाचा आगळ होतो आणि बी उरते. त्या बीत साधारण पाव भाग मेद असतो. बी कुटून, पाण्यात उकळून, वर आलेला मेद काढून घरोघर त्याचे गोळे करत. टाचांच्या भेगांना लावायचे ते भिरंडेल हेच. त्याच्या मेदाम्लांत निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल आहे, म्हणून ते घट्ट राहते आणि चॉकलेट उन्हात लवकर पाघळू देत नाही. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही, जंगल जाळावे लागत नाही. आमसुलाच्या धंद्यातून उरलेली ही वस्तू. तरीही ते बी कोणत्या वाडीतून आले, धुऊन वाळवणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळाले, हे सौंदर्यप्रसाधने किंवा चॉकलेट बनवणाऱ्या दूरच्या कारखान्याच्या कागदांत क्वचितच असते. साल वृक्षाच्या बियांचे तेच. छत्तीसगड, ओडिशा, झारखंडच्या रानांत पावसाआधी आदिवासी बाया ते बी वेचतात. मग दलाल, गिरणी, द्रावकाने तेल काढणारा कारखाना, रिफायनरी, निर्यातदार. प्रत्येक टप्प्यावर एक नाव पुसले जाते. जीव घेणारी हिंसा यात नाही, पण भाव पाडण्याची हिंसा आहे, आणि तीही अनुमोदनानेच चालते.

कोकमाचा व्यवहार लहान आहे, म्हणून तो स्वच्छ ठेवणे आजही शक्य आहे. वाडीची नोंद, बीचा ठरलेला भाव, गिरणीचे नाव, एवढे करारात आले की तेल काढणाऱ्याची आणि बी वेचणाऱ्याची ओळख कारखान्यापर्यंत टिकते. पामतेलाच्या बाबतीत हे अवघड आहे, पण गिरण्यांच्या याद्या आता अनेक मोठे खरेदीदार जाहीर करतात. म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर मिळू शकते.

आणि इथे कारखान्यांइतकीच जबाबदारी छोट्या उद्योजकांची आहे. महाराष्ट्रात बेकरी, फरसाण, मिठाई, मसाले करणारी हजारो मराठी घरे आहेत. पाकिटावर तेलाचे नाव छापणे कायद्याने लागते, त्याचे मूळ छापणे लागत नाही. तरी पुढचा टँकर किंवा पुढचे पिंप मागवताना पुरवठादाराला चार प्रश्न विचारावेत: तेल कोणत्या देशातल्या कोणत्या गिरणीचे, प्रमाणपत्र असेल तर ते वेगळ्या मालाचे की मिसळलेल्या, टँकरने आधी काय वाहिले आणि तो कुठे धुतला, आणि बी वेचणाऱ्याला भाव काय दिला. ज्यांच्याकडे उपवासाचा फराळ, देवस्थानाचा प्रसाद किंवा जैन गिऱ्हाइकांचा माल बनतो, त्यांनी तर हे प्रश्न खरेदीच्या करारातच लिहून घ्यावेत, आणि उत्तर न देणाऱ्या पुरवठादाराकडून माल घेऊ नये.